हिरव्या टेबलाची मालकी कोणाची?

स्नूकर हा श्रीमंतांचा खेळ. त्याच्याशी चळवळीचे काय देणेघेणे, हा प्रश्न पुरोगामी वर्तुळात इतक्या सहजपणे विचारला जातो की त्यातील अज्ञानाचा भाग कोणाच्या ध्यानातच येत नाही. केदारखेड्यासारख्या गावात, जालना-भोकरदन रस्त्यावर, पूर्णेच्या काठी, जिथे कपाशीचा भाव आणि विहिरीचे पाणी हेच बोलण्याचे विषय असतात, तिथे हा प्रश्न कोणी विचारला तर ते समजण्यासारखे आहे. तेथील माणसाने हे टेबल पाहिलेलेच नाही. परंतु ज्यांनी वर्गीय विश्लेषणाचे पाठ घेतले आहेत त्यांनीही एखादा खेळ 'त्यांचा' आणि एखादा 'आपला' अशी वाटणी करून मोकळे व्हावे, यात विश्लेषण कमी आणि आळस अधिक आहे. खेळ जन्मतः कोणाचाच नसतो. टेबल कोणाच्या जागेत उभे आहे, त्याचे पैसे कोणी भरले आणि दाराशी कोण उभा राहून आत कोणाला सोडतो, यावरून तो कोणाचा हे ठरते. व्यावसायिक स्नूकर अजिंक्यपदाच्या शंभर वर्षांच्या आतल्या इतिहासात ही गोष्ट जितकी स्वच्छ दिसते तितकी फार थोड्या ठिकाणी दिसते.

या खेळाचा जन्म भारतातला. १८७५ साली जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून हा नवा प्रकार काढला, असे मानले जाते. वूलिचच्या लष्करी विद्यालयात नवख्या विद्यार्थ्याला ज्या शब्दाने चिडवीत तोच शब्द खेळाला चिकटला. पुढे उटीच्या क्लबात नियम ठरले. पावसाळ्यातील कंटाळा घालवण्यासाठी अधिकाऱ्यांनी शोधलेला हा विरंगुळा होता, एवढेच क्रीडालेखक सांगतात. त्याच वर्षाची दुसरी नोंद मात्र ते सांगत नाहीत. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जरोख्यांच्या होळ्या पेटवल्या. अमेरिकेतील यादवी युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, सरकारने सारा वाढवला आणि सावकाराने हात आखडता घेतला. दख्खनच्या दंग्यांची ही कारणे अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. मुंबईतील बॉम्बे जिमखानाही १८७५ चाच, आणि तो केवळ गोऱ्यांसाठी होता. या तीन घटनांना एका वर्षात बांधले ते योगायोगाने, हे कबूल. परंतु ज्या महसुलातून छावणीतील अधिकाऱ्याचा पगार आणि त्याच्या मेसमधील हिरवे कापड निघत होते तो महसूल कोणाच्या शेतातून येत होता, हे सांगण्यास योगायोगाची गरज नाही. जालन्यालाही एकोणिसाव्या शतकात छावणी होती. केदारखेड्याहून फार लांब नसलेल्या असईच्या रणांगणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी जो निकाल लागला त्याचेच हे पुढचे हप्ते होते.

त्या मेसमध्ये आणि क्लबात एक देशी माणूस असे. त्याला मार्कर म्हणत. गुण मांडावेत, काठ्या पुसाव्यात, साहेबाला जोडीदार नसेल तेव्हा त्याच्याशी खेळावे आणि बेताने हरावे, हे त्याचे काम. खेळाचे ज्ञान त्याच्या हातात आणि टेबल साहेबाच्या मालकीचे, अशी ही विभागणी होती. साहेब गेला, सभासद बदलले, विभागणी तशीच राहिली.

आता हाच खेळ इंग्लंडात गेल्यावर त्याचे काय झाले ते पाहावे. पहिली व्यावसायिक जागतिक स्पर्धा १९२७ साली बर्मिंगहॅममध्ये पूर्ण झाली. ती भरवण्यामागे जो डेव्हिसचाच आग्रह होता आणि जिंकलाही तोच; टॉम डेनिसवर वीस विरुद्ध अकरा फ्रेम्सनी मात करून. डेव्हिस डर्बीशरच्या खाणपट्ट्यातला. बाप आधी खाणकामगार, मग गुत्तेवाला. जगज्जेतेपदाचे बक्षीस म्हणून त्याच्या हाती साडेसहा पौंड पडले. प्रवेशशुल्कातून जमलेल्या रकमेचा निम्मा भाग नियामक मंडळाने चषक विकत घेण्यात घातला होता! १९३१ साली तर स्पर्धेत दोनच नावे आली, डेव्हिस आणि डेनिस, आणि जागतिक अजिंक्यपदाचा सामना नॉटिंगहॅममध्ये डेनिसच्याच बिलियर्ड्सच्या जागेत खेळला गेला. डेव्हिस १९४६ पर्यंत पंधरा वेळा विजेता ठरला. प्रतिष्ठेची बिलियर्ड्स सांभाळणाऱ्या मंडळाला हा खेळ फारसा मानवत नव्हता. तो मजुरांच्या वस्त्यांतील गुत्त्यांत आणि कामगारांच्या क्लबांत वाढत होता.

दक्षिण वेल्सच्या खाणगावांत काय घडले याची माहिती तर प्रत्येक कार्यकर्त्याने मुद्दाम करून घ्यावी अशी आहे. तेथील खाणकामगारांनी आठवड्याच्या मजुरीतून काही पेन्स कापून देऊन स्वतःच्या संस्था उभ्या केल्या. त्यांना वर्कमेन्स इन्स्टिट्यूट म्हणत. एकाच छताखाली ग्रंथालय, वाचनकक्ष, सभागृह आणि बिलियर्ड्सचे टेबल. कारभार कामगारांच्या समितीचा. ट्रेडेगर या गावच्या अशा संस्थेच्या ग्रंथालयात अनाय्रिन बेव्हन नावाच्या तरुण खाणकामगाराने वाचन केले, आणि १९४८ मध्ये मंत्री म्हणून त्यानेच ब्रिटनला राष्ट्रीय आरोग्य सेवा दिली. त्याच ट्रेडेगरच्या संस्थेच्या टेबलावर रे रियर्डन हा मुलगा खेळायला शिकला. चौदाव्या-पंधराव्या वर्षी खाणीत गेला. कोळशाने हात खराब होऊ नयेत म्हणून हातमोजे घालून काम करीत असे. पुढे एकदा खाणीचे छत कोसळून तो तीन तास ढिगाऱ्याखाली गाडला गेला, तेव्हा खाण सोडून पोलिसात शिरला. १९७० ते १९७८ या काळात तो सहा वेळा व्यावसायिक जगज्जेता झाला. २०२४ साली तो वारला तेव्हा श्रद्धांजलीच्या लेखांत त्याच्या केसांच्या ठेवणीचे वर्णन पुष्कळ होते; कामगारांच्या वर्गणीतून आलेल्या टेबलाचा उल्लेख ओझरता.

एकाच संस्थेतून आरोग्यमंत्री आणि जगज्जेता! पुस्तकाची खोली गंभीर कार्यकर्त्यासाठी आणि टेबलाची खोली उनाडांसाठी, असा भेद त्या खाणकामगारांनी केला नाही. महाराष्ट्रातील पुरोगाम्यांनी तो वर्षानुवर्षे केला. अभ्यासवर्गाला न येणारा पोरगा कॅरमच्या पटावर सापडला म्हणजे तो चळवळीतून गेला असे मानण्याची रीत पडली, आणि मग त्या पोरांच्या मंडळांना वर्गणी, टी-शर्ट आणि ध्वज पुरवणारे दुसरे लोक आले. ते कोण, हे येथे सांगण्याची गरज नाही.

अजिंक्यपदाच्या पुढच्या इतिहासात एक संपही आहे. १९५२ साली व्यावसायिक खेळाडू आणि नियामक मंडळ यांचा पैशाच्या वाटणीवरून तंटा झाला. अजिंक्यपदात मान आधी, पैसा नंतर, असे मंडळाचे म्हणणे. (ज्याला मजुरी द्यावयाची नसते तो मानाचे महत्त्व नेहमीच फार सांगतो.) खेळाडूंनी स्पर्धेवर बहिष्कार घातला. अधिकृत स्पर्धेत उरले दोघे, होरेस लिंड्रम आणि क्लार्क मॅकोनाची. बहिष्कार घालणाऱ्यांनी आपली स्वतंत्र स्पर्धा १९५७ पर्यंत चालवली. पण प्रेक्षक आटले होते, जो डेव्हिस अजिंक्यपदाच्या स्पर्धेतून निवृत्त झाला होता, आणि १९५८ ते १९६३ या काळात जागतिक स्पर्धा झालीच नाही. १९६४ मध्ये ती आव्हानवीराच्या पद्धतीने पुन्हा सुरू झाली. १९६५ मध्ये त्यातील सामने वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत जाऊन खेळण्यास कोणालाही संकोच वाटला नाही, ही नोंदही असू द्यावी. कामगार संघटितपणे उठले, परंतु त्यांच्या हाती प्रेक्षागृह नव्हते, प्रसारणाचे साधन नव्हते, भांडवल नव्हते. बहिष्काराने मालकाला रोखता येते. उत्पादन स्वतः चालवण्यास आणखी काही लागते.

ते 'आणखी काही' तंबाखूवाल्यांकडे होते. १९६५ साली ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी झाली. जाहिरातीचा पैसा आता कोठे तरी मुरणे भाग होते. १९६९ मध्ये जागतिक स्पर्धा बाद पद्धतीने नव्याने सुरू झाली ती सिगारेट कंपनीच्या पैशावर. १९७६ ते २००५ अशी तीस वर्षे तर एम्बसी या सिगारेटचे नाव स्पर्धेला चिकटलेले होते. दरम्यान बीबीसीला नुकताच रंग आला होता आणि रंगीत चेंडूंचा खेळ दाखवणे तिला सोयीचे वाटले. १९६९ मध्येच तिने 'पॉट ब्लॅक' हा कार्यक्रम काढला. लोकांच्या परवाना शुल्कावर चालणारी, जाहिराती न घेणारी सार्वजनिक संस्था तासन्‌तास सिगारेटच्या नावाखाली खेळ दाखवीत राहिली. कायदा मोडला नाही आणि जाहिरातही झाली. भांडवल पाण्यासारखे असते असे म्हणतात. ते पाण्याहूनही हुशार असते, कारण पाणी उतार शोधते आणि भांडवल उतार तयार करते.

१९७७ पासून स्पर्धा शेफिल्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात होऊ लागली. पहिल्या वर्षी विजेत्या जॉन स्पेन्सरला सहा हजार पौंड मिळाले. १९८५ च्या एप्रिलअखेर डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस यांचा अंतिम सामना शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या चेंडूपर्यंत गेला आणि मध्यरात्र उलटल्यावर टेलर अठरा-सतरा असा जिंकला. त्या रात्री १ कोटी ८५ लाख लोक दूरचित्रवाणीसमोर बसून होते. ही संख्या क्रीडाग्रंथांत मोठ्या अभिमानाने दिली जाते. त्यापूर्वी दोन महिन्यांच्या आत, ३ मार्च १९८५ रोजी, ब्रिटिश खाणकामगारांनी वर्षभर चाललेला संप मागे घेण्याचा निर्णय घेतला होता, हे त्या ग्रंथांत नसते. ज्यांच्या संस्थांनी हा खेळ पोसला ते हरले आणि तो खेळ त्याच वसंतात आपल्या वैभवाच्या शिखरावर पोहोचला. खाणी बंद होत गेल्या, संस्थांची वर्गणी थांबली, इमारती पडीक झाल्या. टेबल कामगाराच्या हातून सुटले आणि त्याची प्रतिमा पडद्यावर त्यालाच दाखवण्यात आली.

मुंबईतील गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्याचे पुढे काय झाले हे वाचकांस सांगावयाचे नाही. गिरणगावात व्यायामशाळा होत्या, कबड्डीचे संघ होते, चाळीच्या व्हरांड्यात कॅरमचे पट होते. गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस लोअर परळच्या एका गिरणीच्या आवारात चकचकीत बोलिंग अॅली उभी राहिली. मांडवाखालून जाणारा जुना गिरणी कामगार आत डोकावला तर पहारेकरी त्याला हटकीत असे, आणि तो पहारेकरी बहुधा गिरणी कामगाराचाच मुलगा असे.

भारतातील टेबल कोणाच्या जागेत राहिले? जिमखान्यांच्या आणि क्लबांच्या. मरीन ड्राइव्हवरील जिमखान्यांच्या जागा सरकारी भाडेपट्ट्याच्या आहेत. म्हणजे मालक जनता आणि आत सभासद. त्या चार भिंतींतूनही मोठे खेळाडू निघाले, हे नाकारणे कोतेपणाचे होईल. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्याला हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कोणत्याही खेळातील वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ मध्ये त्यांनी ते पुन्हा मिळवले. किती मराठी शाळांतील मुलांना हे नाव ठाऊक आहे? मुंबईच्या मायकेल फरेरा यांनी १९७७, १९८१ आणि १९८३ अशी तीनदा जागतिक हौशी स्पर्धा जिंकली, आणि क्रिकेटपटूला पद्मभूषण तर बिलियर्ड्सवाल्याला पद्मश्री हा भेद अमान्य करून १९८१ साली पद्मश्री परत धाडली. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांचा बाणा कौतुकास्पद खरा. पण 'हौशी' या शब्दाची तपासणी त्यांनीही केली नाही. हौस म्हणून जग जिंकावयाचे तर पोटाची सोय दुसऱ्या कोणी केलेली असावी लागते. 'हौशी' ही पदवी दिसते नैतिक, पण ती असते आर्थिक.

१९८४ साली ओम अगरवाल डब्लिनमध्ये हौशी स्नूकरचे जगज्जेते झाले. मुंबईचे यासिन मर्चंट १९९० च्या दशकाच्या आरंभी व्यावसायिक स्नूकरमध्ये उतरले. बिलियर्ड्सची व्यावसायिक जागतिक स्पर्धा १९९२ मध्ये मुंबईतच भरली आणि गीत सेठी तीत विजयी झाले; १९९५ च्या अंतिम सामन्यात तर त्यांच्यासमोर देवेंद्र जोशी होते, दोघेही भारतीय. खेळाचे कौशल्य या देशात नव्हते असे कोण म्हणेल? पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणींची जागतिक विजेतेपदे २०२४ अखेर २८ झाली. तरीही व्यावसायिक स्नूकरच्या दौऱ्यात ते २०१२ ते २०१४ एवढेच राहिले. त्या दौऱ्यात टिकावयाचे तर इंग्लंडात बिऱ्हाड करावे लागते, आणि तेथे पगार नसतो. जो जिंकेल त्याला बक्षीस, हरेल त्याने विमानाचे तिकीट स्वतःच्या खिशातून भरावे. उक्त्या मजुरीचा हा शुद्ध नमुना आहे. २०१० मध्ये खेळाडूंच्या मतदानाने व्यावसायिक कारभाराचे ५१ टक्के भाग एका प्रवर्तकाच्या कंपनीकडे गेले. बक्षिसे वाढली, यात शंका नाही. २०१९ पासून क्रुसिबलच्या विजेत्याला पाच लाख पौंड मिळू लागले. पण ही रक्कम शिडीच्या वरच्या पायरीवर आहे. खालच्या पायऱ्यांवर उभे राहणाऱ्यांच्या शेजारी कोण येऊन उभे राहते? सट्टेबाज. तंबाखू गेल्यावर पुरस्कर्ते म्हणून जुगाराच्या कंपन्याच आल्या होत्या. २०२३ च्या जूनमध्ये निकाल ठरवून खेळल्याच्या प्रकरणात दहा चिनी खेळाडूंवर बंदी आली, त्यांतील दोघांवर आजन्म. वीस महिन्यांची बंदी भोगून परतलेला झाओ शिनतोंग २०२५ च्या मे महिन्यात पात्रता फेऱ्यांतून वर येऊन जगज्जेता झाला, आशियातील पहिला. व्यावसायिक अजिंक्यपद जिंकताना त्याचा दर्जा हौशी होता! या शब्दांचा अर्थ किती उरला आहे ते यावरून कळावे.

भारतातही व्यावसायिक मानांकनाची स्पर्धा आली. २०१३ मध्ये दिल्लीत मुंबईच्या आदित्य मेहतांनी अंतिम फेरी गाठली. अशा स्पर्धेत तेथवर जाणारे ते पहिले भारतीय. डिंग जुनहुईकडून ते शून्य-पाच हरले. पुढची स्पर्धा १० ते १४ मार्च २०१५ या काळात मुंबईला झाली आणि वेल्सचा मायकेल व्हाइट ती जिंकून ५० हजार पौंड घेऊन गेला. त्यानंतर हैदराबाद, विशाखापट्टणम आणि २०१९ मध्ये कोची. स्पर्धा भरत ती तारांकित हॉटेलांतून आणि परिषद केंद्रांतून. जिमखान्याला निदान एक जुने दार होते, ते एखाद्याला कधीमधी उघडेही मिळत असे. हॉटेलच्या दिवाणखान्यात टेबल आठवड्यापुरते आणले जाते आणि आठवड्याने उचलून नेले जाते. मागे काही उरत नाही.

२०१५ हे वर्ष मराठवाड्यात कसे होते ते केदारखेड्यात कोणालाही विचारावे. आदल्या खरिपाला पावसाने दगा दिला होता, आणि त्या एका वर्षात मराठवाड्यातील शेतकरी आत्महत्यांचा आकडा हजारावर गेला. येथे एक सोपा लेख लिहिता येतो : तिकडे पौंडांचे बक्षीस आणि इकडे फास. असे लेख पुष्कळ छापून आले आहेत आणि त्यांनी कोणाचेही काही बिघडलेले नाही. स्पर्धा रद्द झाली असती तर भोकरदन तालुक्यात एक टँकर वाढला नसता. उपाशी माणसाला खेळ नको, आधी भाकरी द्या, हे म्हणणे वरवर दयाळू दिसते; त्यामागे गरिबाने जगावे फक्त, रमू नये, असा निवाडा असतो. वेल्सचा खाणकामगार काही खाऊनपिऊन तृप्त नव्हता. त्याने मजुरीतून पेन्स काढले तेव्हा त्याच्याही घरी क्षयरोग होता आणि कर्ज होते.

मजुरीतून कपात करून संस्था उभारण्याचा मार्ग महाराष्ट्राला अपरिचित आहे असेही नाही. १९७५ च्या व्यवसाय करातून रोजगार हमीला पैसा दिला गेला. साखर कारखान्यांनी उसाच्या टनामागे कपात करून महाविद्यालये काढली. कपात शेतकऱ्याची, महाविद्यालयाला नाव पुढाऱ्याच्या वडिलांचे, आणि शेतकऱ्याच्या मुलाला प्रवेश देणगीवर. ट्रेडेगर आणि महाराष्ट्र यांत अंतर आहे ते येथे. पैसा दोन्हीकडे कष्टकऱ्यांनीच दिला. समिती कोणाची, हा प्रश्न एकीकडे विचारला गेला, दुसरीकडे नाही.

म्हणून मागणी स्नूकरच्या टेबलाची नाही. एक टनाहून जड, पाटीच्या दगडाचे, बारा फूट लांब टेबल केदारखेड्यात आणून ठेवण्याचा खुळा आग्रह कोणी धरू नये. तेथे कॅरमचे चार पट आणि मुलींनाही संध्याकाळी बसता येईल अशी दिवाबत्तीची खोली अधिक उपयोगाची. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा राज्यात १९६७ पासून आहे, तालुका क्रीडा संकुलाची योजना आहे, ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा निधी येतो. हे तिन्ही पैसे तीन खात्यांतून येतात, तीन ठेकेदारांकडे जातात आणि तीन कुलुपांत बंद होतात. कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत ठराव मांडावा : ग्रंथालय आणि खेळघर एकाच इमारतीत असावे, तिची किल्ली गावातील मजूर, शेतकरी आणि विद्यार्थी यांतून निवडलेल्या समितीकडे असावी, समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि दरवर्षीचा हिशेब ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. वर्गणी प्रत्येकाने द्यावी, मग ती महिन्याला पाच रुपये का असेना. फुकट मिळालेल्या खोलीवर हक्क सांगता येत नाही.

आणि मुंबईतील कार्यकर्त्यांनी सरकारी जमिनीवरील प्रत्येक जिमखान्याचा भाडेपट्टा माहितीच्या अधिकारात मागवावा. भाडे किती, मुदत किती, आणि सभासद नसलेल्या किती मुलांना त्या टेबलांवर खेळू दिले जाते, हे तीन रकाने पुरेत. तिसऱ्या रकान्यात काय लिहून येते ते या पानावर छापता येईल.